मधुमेह असेल तर पाय रोज पाहा

"डॉक्टर, दुखत नव्हतं हो, म्हणून लक्ष दिलं नाही." तळपायाची जखम दाखवताना मधुमेहाचे रुग्ण हमखास हेच सांगतात. खरी अडचण तीच आहे. रक्तातली साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसांना इजा होते आणि संवेदना कमी होते. चपलेतला खडा, चटका, फोड, काहीच कळत नाही. त्यात रक्तपुरवठा कमी असेल तर जखम चिघळते, कधी बोट किंवा पाय कापावा लागतो.

म्हणून रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरच्यांना सांगा. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा. भेगांना खोबरेल तेल चालेल, बेचक्यांत नको. गरम पाण्याचा शेक तर नकोच. कुरूप ब्लेडने कापू नका. देवळातल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणेही टाळा. देव रागावणार नाही.

पायांच्या ताकदीसाठी खुर्चीत बसून टाचा उचला, बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करा, दहा-दहा वेळा. जखम असेल तर व्यायाम थांबवा. जखम, सूज किंवा लाली दिसली तर हळद लावून वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.