तासून गेलेले पोलाद

स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार केलेले ‘व्हिक्टरी मॉडेल’ हे रिव्हॉल्व्हर आज संग्राहकाच्या हाती येते, तेव्हा ते पुष्कळदा मूळ रूपात नसते. १९४२ पासून ज्याच्या अनुक्रमांकाआधी विजयसूचक ‘व्ही’ हे अक्षर उमटवले जाऊ लागले, असे हे शस्त्र ब्रिटन आणि राष्ट्रकुलातील देशांना पाच इंची नळीसह लाखोंच्या संख्येने पुरवले गेले. युद्ध संपल्यावर ते अतिरिक्त ठरले आणि व्यापाऱ्यांनी घाऊक भावात उचलून त्यातील बराच साठा पुन्हा अमेरिकेत आणला. तेथील गिऱ्हाइकाला रुचावे म्हणून नळ्या कापल्या गेल्या, करड्या फॉस्फेटी झिलईच्या जागी निकेलचा चकचकीत मुलामा आला आणि मुठीच्या तळाशी असलेली, दोरी अडकवण्याची कडी नाहीशी झाली.

हे सारे बदल डोळ्यांना दिसतात. सर्वांत घातक बदल मात्र चक्राच्या आत, म्हणजे काडतुसे ज्यात बसतात त्या फिरत्या सिलिंडरच्या कक्षांत झालेला असतो. ब्रिटिशांचे ‘.३८/२००’ हे काडतूस आखूड आणि किंचित जाड होते. त्याच्या नावातील २०० हा आकडा गोळीचे ग्रेनमधील वजन, म्हणजे सुमारे १३ ग्रॅम, दर्शवतो. अमेरिकेत सर्रास मिळणारे ‘.३८ स्पेशल’ हे काडतूस लांब, पण बारीक. पहिल्याच्या पितळी पुंगळीची लांबी ०.७७५ इंच, तर दुसऱ्याची १.१५५ इंच असल्याने ते आत मावावे म्हणून कक्ष पुढच्या बाजूने कोरून खोल करण्यात आले, परंतु मागचा भाग आधीच रुंद होता तो रुंदच राहिला. परिणामी बार उडताच पुंगळी मागच्या बाजूस फुगते आणि कधी चिरतेही. शिवाय नळी ०.३६१ इंच व्यासाच्या गोळीसाठी घडवलेली, तर नव्या काडतुसाची गोळी जेमतेम ०.३५८ इंचाची, त्यामुळे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतील पिळदार खाचांची पकड सैल पडते आणि नेम भरकटतो.

या सैल पकडीचा परिणाम एका जगप्रसिद्ध तपासावरही झाला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे पोलीस अधिकारी जे. डी. टिपिट यांची हत्या झाली, आणि त्याच दिवशी तेथे झालेल्या अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येतील संशयित ली हार्वे ऑस्वाल्डकडे सापडलेले शस्त्र हे ब्रिटनला जाऊन परत आलेले, नळी सव्वादोन इंचांपर्यंत कापलेले आणि कक्ष कोरलेले व्हिक्टरी मॉडेलच होते. टपालाने मागवलेल्या या वस्तूची किंमत २९.९५ डॉलर होती. या हत्यांचा तपास करणाऱ्या वॉरन आयोगापुढे अमेरिकी केंद्रीय तपास यंत्रणेच्या तज्ज्ञांनी सांगितले की रिकाम्या पुंगळ्या याच शस्त्रातील असल्याचे सिद्ध होते, परंतु टिपिट यांच्या शरीरातील गोळ्यांविषयी तसे निश्चित म्हणता येत नाही, कारण गोळीच्या मानाने मोठ्या असलेल्या नळीतून प्रत्येक गोळी निराळी डुलत जाते आणि तिच्यावरचे ओरखडे एकसारखे उमटत नाहीत.

अशा शस्त्राचे पूर्वरूप साधायचे म्हटले की पहिली अडचण सरळ आहे: झालेली कामे बहुतेक पोलाद काढून टाकण्याची आहेत, आणि काढलेले पोलाद परत येत नाही. मुलामा रासायनिक किंवा विद्युत प्रक्रियेने उतरवता येतो, पण तो चढवण्याआधी पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला असल्याने कडा बोथट झालेल्या असतात आणि ‘युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी’ ही अक्षरे किंवा ब्रिटिश दाबचाचणीचे शिक्के पुसट झालेले असतात. ते गडद करण्यासाठी नव्याने कोरणे याला दुरुस्ती म्हणणे कठीण आहे. कापलेल्या नळीचा दोष केवळ लांबीचा नसतो. या रचनेत नळीच्या खालच्या उंचवट्यात, पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांडीचे टोक अडकून चक्र पुढून स्थिर राहते. नळी फार आखूड केली की हा उंचवटाही जातो आणि चक्राला केवळ मागचाच आधार उरतो. म्हणून पाच इंची दुसरी नळी शोधावी लागते. जुनी नळी आट्यांवर बसवून आडव्या खिळीने पक्की केलेली असते. ती खीळ आधी न काढता किंवा सांगाड्याला नीट आधार न देता जोर लावला, तर सांगाडाच वाकतो किंवा तडकतो, आणि मग दुरुस्तीचा विषयच संपतो. कोरलेल्या कक्षांना आतून पोलादी अस्तर लावण्याचा मार्ग आहे, परंतु ते काम अत्यंत काटेकोर असल्याने न कोरलेले दुसरे चक्र मिळवून ते जुळवून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

येथेच खरा पेच सुरू होतो, कारण दुसऱ्या शस्त्राची नळी आणि तिसऱ्याचे चक्र घेऊन उभे राहिलेले रिव्हॉल्व्हर हे १९४२ चे नसून आजच्या कारागिराचे असते. अनुक्रमांक मुठीच्या तळाशी, नळीखाली आणि चक्राच्या मागील बाजूस असे अनेक ठिकाणी उमटवलेले असल्याने ही सरमिसळ जाणकाराला लगेच दिसते. ते आकडे ‘जुळवण्यासाठी’ नव्या भागांवर कोरण्याचा मोह काही विक्रेत्यांना होतो. ही उघड फसवणूक आहे, मूळ छाटणीपेक्षाही वाईट, कारण छाटणी करणाऱ्याने निदान काही लपवले नव्हते. भारतात तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करण्यालाच बंदी आहे आणि कलम ८ ओळखचिन्हे पुसण्यास वा बदलण्यास मनाई करते.

साध्या, इतिहास नसलेल्या छाटलेल्या नगाला पाच इंची नळी आणि करडी झिलई देऊन, बदललेल्या भागांची नोंद सोबत ठेवणे न्याय्य ठरते. ऑस्वाल्डच्या रिव्हॉल्व्हरला मात्र कोणी हात लावणार नाही. त्याची कापलेली नळी आणि कोरलेले कक्ष हेच त्या तपासाचे मूळ पुरावे आहेत.