डब्यातली गोळी
लेक सातव्या महिन्यात माहेरी आली. कंबर दुखते म्हणाली, तशी मी सवयीने औषधांच्या डब्यातून आयबुप्रोफेन काढली. "आई, आधी डॉक्टरांना विचारूया," ती म्हणाली.

डॉक्टरांनी ती गोळी मना केली. विसाव्या आठवड्यानंतर बाळाभोवतीचे पाणी म्हणजे बहुतांशी बाळाचीच लघवी. अशा गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांचे काम मंदावू शकते, पाणी घटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये हाच इशारा दिला. मूत्रपिंडातल्या गाळण्या साधारण ३६ आठवड्यांपर्यंतच घडतात; पुढे नव्या होत नाहीत. रक्तदाबावरची एनालाप्रिलही गरोदरपणी घातक. मात्र चालू औषध आपल्या मनाने थांबवू नये, डॉक्टर ते बदलून देतात.

दोन बाळंतपणे झाली म्हणून मला सारे कळते, हा माझा समज त्या दिवशी उतरला. लेकीने विचारले नसते तर?