कॅरिक्लो

शनी व युरेनस यांच्या कक्षांदरम्यान सूर्याभोवती फिरणारा, कडी असलेला लघुग्रह. क्रमांक १०१९९. ‘सेंटॉर’ गटातील हा सर्वांत मोठा ज्ञात लघुग्रह मानला जातो. याचा व्यास सु. २५० किमी. असून सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा सु. ६३ वर्षांत पूर्ण होते. जेम्स स्कॉटी यांनी १५ फेब्रुवारी १९९७ रोजी ॲरिझोनातील (अमेरिका) किट पीक येथून याचा शोध लावला. ग्रीक पुराणकथांतील कायरन या नराश्वाच्या पत्नीवरून यास हे नाव मिळाले.

३ जून २०१३ रोजी कॅरिक्लोने एका ताऱ्याचे पिधान केले. दक्षिण अमेरिकेतून घेतलेल्या वेधांत मुख्य पिधानाच्या आधी व नंतर ताऱ्याचे तेज क्षणभर मंदावल्याचे आढळले. त्यावरून फेलिपे ब्रागा-रिबास व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन कडी असल्याचा निष्कर्ष काढून तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. कड्यांच्या त्रिज्या सु. ३९१ व ४०५ किमी. आणि रुंदी अनुक्रमे सु. ७ व ३ किमी. आहे. लघुग्रहाभोवती कडी आढळण्याची ही पहिलीच वेळ होती.

सदृशीकरण : कॅरिक्लोपर्यंत एकही अवकाशयान गेलेले नाही, परंतु संगणकावर त्याची सफर करता येते. मार्टिन श्वायगर यांनी तयार केलेल्या व २००० मध्ये उपलब्ध झालेल्या ‘ऑर्बिटर’ या अवकाश उड्डाणाच्या आज्ञावलीत वापरणाऱ्यास नवे खस्थ पदार्थ जोडता येतात. त्यासाठी कक्षेचे घटक, त्रिज्या, वस्तुमान व परिवलनकाल पुरवावे लागतात. यांपैकी कक्षा अचूक माहीत आहे. वस्तुमान मात्र अंदाजाने घ्यावे लागते. त्या अंदाजानुसार कड्यांजवळ यानाचा कक्षीय वेग सेकंदाला ३०–३५ मी., म्हणजे जलद आगगाडीएवढाच, भरतो. पडद्यावरील कडी हे केवळ सपाट चित्र असते; त्यातील कणांशी यानाची टक्कर होत नाही.

कणांच्या हालचालींचे सदृशीकरण याहून वेगळे होय. २०१७ मध्ये मिचिकोशी व कोकुबो या जपानी शास्त्रज्ञांनी महासंगणकावर सु. ३४·५ कोटी कणांच्या परस्पर आकर्षणाचे व टकरींचे गणित केले. त्यानुसार कड्यांत पट्टेदार दाट रचना निर्माण होऊन ती १ ते १०० वर्षांतच पसरू शकतात. असे असूनही ती टिकून आहेत. ती लहान उपग्रहांमुळे आवरली जात असावीत, असा एक तर्क आहे. कड्यांचे स्पष्ट छायाचित्र अद्याप मिळालेले नाही. त्यामुळे संगणकावरील दृश्य हे मोजमापांवर उभारलेले अनुमानच ठरते.