टाक्यांचा हिशेब

गेल्या वर्षी दिवाळी सरता सरता नाशिकला पहिली थंडी पडली आणि मी मावशीचा राखाडी स्वेटर पेटीतून काढला. डावी बाही कोपरावर विरून भोक पडलं होतं. ती नव्याने विणायची, तर मावशीने कितीची सुई घेतली, मुंढ्यातून किती टाके उचलले, घट कुठे केली, हे कळायला हवं होतं. मावशी आता नाही आणि तिने कागदावर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. मग मी स्वेटरच वाचायला घेतला.

भिंग लावून मोजलं. 10 सेंटिमीटरमध्ये 24 टाके, 32 ओळी. मग एक गोष्ट दिसली आणि मी थबकले. अंगाच्या भागात टाक्यांची टोकं खाली होती, बाहीत मात्र वर. म्हणजे मावशीने बाही मनगटाकडून विणून जोडली नव्हती. मुंढ्यातून टाके उचलून ती वरून खाली विणत आली होती. याचं कारण विणकाम करणाऱ्याला लगेच उमगतं. वीण सुटते ती टाके बंद केलेल्या टोकाकडून. सुरुवातीच्या कडेकडून ती सहज उसवत नाही. बाही वरून खाली विणली की मूल वाढलं तर मनगट उसवून चार बोटं वाढवता येतात, कोपर विरलं तर मनगटापासून तिथवरच उसवून पुन्हा विणता येतं. मावशीने माझी ही दुरुस्ती आधीच सोपी करून ठेवली होती. हे उलगडायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तिने दोन ओळी लिहिल्या असत्या तर पाच मिनिटं पुरली असती.

लिहून ठेवणाऱ्या दोघी

याच सुमारास मी दोन बायकांची पुस्तकं अभ्यासत होते. अमेरिकेतल्या बार्बरा वॉकर यांचं वरून खाली विणण्यावरचं पुस्तक 1972 सालचं. गळ्यापासून सुरुवात करायची, अधूनमधून स्वेटर अंगात घालून बघायचा आणि लांबी अंगावरच ठरवायची, हे त्यातलं सूत्र. आपल्याकडच्या बायका मुलाला उभं करून अर्धी वीण अंगाला लावून बघत, त्यातली जाण हीच होती. दुसऱ्या एलिझाबेथ झिमरमन. जन्माने इंग्लंडच्या, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या. त्यांचं पहिलं पुस्तक 1971 सालचं. शिवण न घालता गोल सुईवर अख्खा स्वेटर कसा उतरवायचा, हे त्यांनी साध्या हिशेबात मांडलं. छातीचे टाके 100 टक्के धरायचे. मनगट 20 टक्के, दंड सुमारे 33, गळा 40.

हा हिशेब मी टोरांटोच्या भाच्याच्या स्वेटरवर करून पाहिला. लोकर त्यानेच पाठवली होती, आइसलँडची. तिथल्या मेंढीच्या अंगावर लोकरीचे दोन थर असतात. वरचा लांब आणि राठ, पाणी अडवणारा. आतला मऊ आणि उबदार. दोन्ही मिळून जी लोकर होते ती जाड दिसते, पण हाताला हलकी लागते. खांद्यांभोवती गोल नक्षी असलेला तिकडचा स्वेटर पुरातन वाटतो, पण तो विसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झाला. माझ्या हाताला 10 सेंटिमीटरमध्ये 18 टाके बसले. घेर 110 सेंटिमीटर, म्हणजे 198. मी 200 धरले. मनगट 40, दंड 66, गळा 80. ‘मामी, अगदी मापाचा झालाय,’ असं भाच्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी वहीतल्या त्या चार आकड्यांवरून बोट फिरवलं.

याच स्वेटरवर मी अर्ध्या ओळी शिकले. आपली मान मागून उंच आणि पुढून खोल असते. सगळ्या ओळी पूर्ण विणल्या तर गळा पुढून वर येतो आणि घशाला काचतो. म्हणून मागच्या बाजूला ओळ मध्येच सोडून वळायचं आणि परत यायचं. वळण्याच्या जागी भोक पडतं. जर्मन पद्धतीत वळल्यावर पहिला टाका धाग्याने ओढून दुहेरी करतात, म्हणजे भोक राहत नाही. तीन वेळा उसवल्यावर ते हातात बसलं.

नंबर आणि चौकोन

शिकणाऱ्या मुलींना मी आता सर्वात आधी सुईच्या नंबराबद्दल सांगते. आपल्याकडे चालत आलेले नंबर जुने इंग्रजी. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकी नंबर उलटे. आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, अमेरिकी 8 नंबरची 5 मिलिमीटरची. नमुन्यातली 8 अमेरिकी असेल आणि सुई घरातली 8 ची, तर स्वेटर आवळतो. म्हणून नंबर बाजूला ठेवून मिलिमीटर बघायचे.

दुसरी गोष्ट चौकोनाची. आधी वीतभर चौकोन विणून, धुऊन, वाळवून मग टाके मोजायचे. नमुन्यात 10 सेंटिमीटरला 22 टाके असतील आणि तुमच्या हाताचे 20 येत असतील, तर 100 सेंटिमीटरसाठी सांगितलेल्या 220 टाक्यांचा घेर 110 होतो. दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर चार बोटं ढगळ. प्रत्येकीचा हात वेगळा, म्हणून दुसरीचा आकडा आपल्याला जसाच्या तसा चालत नाही.

बाळंतविड्यासाठी यंदा झिमरमनबाईंचं 1968 सालचं बाळाचं जाकीट विणलं. अख्खं एका तुकड्यात होतं. सुईवरून उतरतं तेव्हा त्याचा आकार कशासारखाच नसतो. दोन घड्या घातल्या की बाह्या, पुढा, पाठ सगळं समोर येतं आणि शिवण उरते ती दोन खांद्यांची. घरातल्या चारही बायका घडी बघायला जमल्या होत्या.

पेटीतली लोकर

आश्विनातल्या उन्हात पेटी रिकामी केली आणि काट्यावर ठेवली तेव्हा लोकर 11 किलो भरली. मोठ्या माणसाचा मध्यम जाडीचा स्वेटर साधारण अर्ध्या किलोत होतो, म्हणजे वीसेक स्वेटरांची बेगमी. पण तशी ती नव्हती. रंग एक, रंगवण्याचे लॉट दोन, अशा गुंड्यांच्या जोड्या निघाल्या. दोन लॉटमधला फरक हातात कळत नाही, छातीवर पट्टा होऊन दिसतो.

चिठ्ठी नसलेल्या गुंड्यांचा बोटभर धागा जाळून पाहिला. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. निम्म्याहून जास्त ॲक्रिलिकच निघालं, लुधियानाकडचं. ते धुवायला सोपं, त्याला कसर लागत नाही, म्हणून मी ते तान्ह्या बाळांसाठी ठेवलं. मेरिनो वेगळी केली, धुऊन कडक वाळवून बंद डब्यात भरली. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा हवेतला ओलावा शोषूनही ओली लागत नाही, पहाटेच्या थंडीत तिचा गुण समजतो.

तळाशी काळ्या दख्खनी मेंढीची हातकताई लोकर होती. ही आपल्या धनगरांच्या घोंगडीची लोकर. राठ, चिवट, अंगाला टोचणारी. तिचा स्वेटर करायचा हट्ट मी सोडला आणि जाड सुईवर बसायचं आसन विणलं. दोन महिने रोज वापरतेय, त्याचा एक टाका दबलेला नाही.

वही

आता प्रत्येक गुंड्याला चिठ्ठी आहे: जात, वजन, लॉट, कोणासाठी. आणि प्रत्येक स्वेटरला वहीत एक पान. वॉकर आणि झिमरमन यांनी लिहिलं म्हणून 50 वर्षांनी नाशिकमध्ये बसून मला त्यांच्याकडून शिकता आलं. तेवढंच मुरलेलं ज्ञान आपल्या घरोघरी बायकांच्या हातात होतं आणि आहे. ते हात थकण्याआधी त्यांच्या शेजारी बसा, टाके मोजा, विचारा, लिहून घ्या. ‘अगं, त्यात काय लिहायचं’ असं त्या म्हणतील. तरी लिहा.

मावशीची बाही पुरी झाली. नव्या लोकरीचा राखाडी जरा उजळ आहे, कोपराशी सांधा दिसतो, तो दिसू दे. वहीच्या पहिल्या पानावर तिचं नाव आहे. खाली तीन ओळी: सुई 10 नंबर, म्हणजे 3.25 मिलिमीटर. 10 सेंटिमीटरला 24 टाके. बाही मुंढ्यातून, वरून खाली.