निगराणीतल्या नोंदी

सी. ए. आर. होर यांनी ‘क्विकसॉर्ट’ ही क्रमवारी लावण्याची रीत जुलै १९६१च्या ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या मासिकात छापली. तिचा क्रमांक ६४. सोबत ६३ क्रमांकाची ‘पार्टिशन’ आणि ६५ क्रमांकाची ‘फाइंड’ या दोन रीती होत्या. वर्षभराने, ऑगस्ट १९६२मध्ये, जे. एस. हिलमोर यांनी त्याच मासिकात कळवले, की तिन्ही रीती यंत्रावर नीट चालल्या. मात्र ‘फाइंड’मध्ये आधी एक दुरुस्ती करावी लागली. तेव्हा छापील पानावरचा प्रोग्रॅम वाचून तो यंत्राला भरवण्याचा काळ होता. ज्याच्या हाती फक्त १९६१चा अंक आला, त्याला ही दुरुस्ती कशी कळणार?

गणिती सॉफ्टवेअरच्या संदर्भसूचीची गरज या प्रश्नातून उभी राहते. त्या मासिकात १९६० सालापासून क्रमांक घातलेले अल्गोरिदम छापले जात, आणि त्यांच्यामागून पडताळण्या, टिपणे, दुरुस्त्या येत राहत. कधी एका वर्षाने, कधी पाच वर्षांनी. रॉबर्ट फ्लॉइड यांची २४५ क्रमांकाची ‘ट्रीसॉर्ट ३’ १९६४च्या डिसेंबरात आली. तिची एक पडताळणी राल्फ लंडन यांनी छापली ती थेट जून १९७०मध्ये, आणि ती निराळ्याच जातीची होती: रीत बरोबर असल्याची त्यांनी गणिती सिद्धताच दिली. ‘ट्रीसॉर्ट’ची नोंद १९६४ साली करून जो सूचिकार स्वस्थ बसला, त्याच्या वाचकाला ही सिद्धता सापडली नसती. प्रोग्रॅमची नोंद एकदा केली आणि काम संपले असे होत नाही. जोवर कुणी तो वापरतो आहे, तोवर तिच्याकडे पाहत राहावे लागते.

पुढे या विषयाला स्वतःचे नियतकालिक मिळाले. ‘एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन मॅथेमॅटिकल सॉफ्टवेअर’ १९७५ साली सुरू झाले, जॉन राइस हे पहिले संपादक. अल्गोरिदमांचे क्रमांक तिथे पुढे चालू राहिले. या नियतकालिकाची आणि त्याच्या आसपासच्या कितीतरी प्रकाशनांची सूची ज्यांनी लावली आणि वर्षानुवर्षे जपली, ते नेल्सन बीबी. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत, युटा विद्यापीठाच्या गणित विभागात हे काम झाले. गणिती नियतकालिकांच्या सूच्या, फ्लोटिंग पॉइंट अंकगणित, हॅशिंग, यादृच्छिक संख्या अशा विषयांच्या सूच्या, ट्युरिंग आणि फॉन नॉयमान यांच्यासारख्या व्यक्तींच्या सूच्या. सगळ्या कुणालाही मोफत खुल्या. जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस यांनी १९८५च्या सुमारास उभारलेल्या ‘नेटलिब’ या सॉफ्टवेअरच्या कोठारातही त्या ठेवलेल्या आहेत.

या सूच्या ज्या साच्यात आहेत तो बिबटेकचा. ओरेन पटाश्निक यांनी तो १९८५ साली घडवला, डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीच्या सोबतीला. फाइल साधी, कुठल्याही संपादकात उघडणारी, आणि माझ्या मते या सूच्यांच्या दीर्घायुष्याचे अर्धे श्रेय या साधेपणाला आहे. डेटाबेसचे प्रकार आले आणि गेले, साध्या मजकुराची फाइल आजही जशीच्या तशी वाचता येते.

एक नोंद जवळून पाहू. १९७९च्या सप्टेंबरात लॉसन, हॅन्सन, किनकेड आणि क्रोग यांनी रेषीय बीजगणिताच्या मूलभूत प्रोग्रॅमांवरचा लेख ‘एसीएम ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापला, पाचव्या खंडाचा तिसरा अंक, पाने ३०८ ते ३२३. ‘ब्लास’ या नावाने आज जगभरची संगणकीय गणिते ज्यांच्यावर उभी आहेत, ते हेच प्रोग्रॅम. बीबींच्या पद्धतीत नोंदीची खूण ठरवायला नियम आहे: पहिल्या लेखकाचे आडनाव, चार आकडी वर्ष, आणि शीर्षकातल्या पहिल्या तीन महत्त्वाच्या शब्दांची आद्याक्षरे. म्हणजे लॉसन, १९७९, आणि ‘बेसिक लिनिअर अल्जिब्रा’चे बी-एल-ए. ज्याला लेख ठाऊक आहे, त्याला खूण पाहताच तो ओळखू येतो, आणि दोन सूच्या एकत्र केल्या तरी खुणांची गल्लत सहसा होत नाही. शीर्षकातला ‘फोरट्रान’ हा शब्द महिरपी कंसात घालावा लागतो. नाहीतर बिबटेकच्या काही शैली त्याचे पहिले अक्षर लहान करून टाकतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने हा त्रास आपल्या चटकन लक्षात येत नाही, पण रोमन लिपीतल्या सूचीत तो पानोपानी भेटतो. लगेच पुढच्या, ३२४व्या पानापासून याच लेखकांचा ५३९ क्रमांकाचा अल्गोरिदम सुरू होतो. लेख वेगळा, प्रोग्रॅम वेगळा, नोंदीही दोन हव्यात. घाईत काम करणारा इथे हमखास एकच नोंद करून मोकळा होतो.

नोंदीत आणखी दोन रकाने असतात, आणि सूचीचा प्रामाणिकपणा मला तिथे दिसतो. एकात नोंदीला शेवटचा हात कधी लागला ती तारीख आणि वेळ, दुसऱ्यात माहिती कुठून घेतली ते. फाइलच्या माथ्यावर तर ओळी, शब्द आणि अक्षरे यांची मोजदाद, शिवाय रॉबर्ट सोलोव्हे यांच्या प्रोग्रॅमने काढलेला पडताळा-अंकही असतो. प्रत करताना कुठे एखादे अक्षर गळले, तर तो अंक जुळत नाही.

हजारो नोंदी डोळ्यांनी तपासणे कुणालाच झेपणारे नाही. म्हणून बीबींनी सूच्यांसाठी हत्यारे लिहिली. त्यांतले ‘बिबक्लीन’ सर्वांत परिचित. त्याची माहिती त्यांनी १९९३ साली ‘टगबोट’ या टेकच्या नियतकालिकात दिली. ते नोंदी नीटनेटक्या मांडते आणि चुका दाखवते. उदाहरणार्थ, ‘एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन मॅथेमॅटिकल सॉफ्टवेअर’चा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळखक्रमांक, ००९८-३५०० आहे. पहिल्या सात अंकांना डावीकडून अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि गुणाकारांची बेरीज करा: ५४, ४०, १२ आणि १५ मिळून १२१. ही संख्या ११ने नि:शेष भागली जाते, म्हणून आठवा अंक शून्य. टंकताना ९ आणि ८ची अदलाबदल झाली तर बेरीज १२० होते, शेवटचा अंक १ असायला हवा होता, आणि बिबक्लीन तक्रार करते. पण लेखकाच्या नावातले एखादे अक्षर चुकले, पान ३०८चे ३८० झाले, तर त्यासाठी असा काही हिशेब नाही. तिथे मूळ अंकच उघडून पाहावा लागतो. हत्यार जे पकडते ते सोपे; जे पकडत नाही त्यासाठी सूचिकार लागतो.

जर्मनीत याच गरजेतून वेगळी वाट निघाली. ओबरवोल्फाख इथली गणित संशोधन संस्था आणि ‘फित्स कार्ल्सरूहे’ यांनी मिळून ‘एसडब्ल्यूमॅथ’ उभारले. ‘झेडबीमॅथ’ या गणिताच्या समीक्षासेवेत कोणत्या शोधनिबंधाने कोणते सॉफ्टवेअर वापरले ते शोधून ही सूची सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचते. एखाद्या प्रोग्रॅमच्या पानावर गेले, की त्याच्या आधाराने झालेल्या संशोधनाची यादी समोर येते. ज्या समीक्षासेवेवर ती उभी आहे, ती १९३१ सालची. ती सेवा २०२१पासून सर्वांना मोफत आहे.

या वाटेत एक अडचण आहे. कितीतरी संशोधक सॉफ्टवेअरचा उल्लेखच करत नाहीत, किंवा करतात तो ओझरता: अमुक पॅकेजने गणित केले, बस. आवृत्ती कोणती, लेखक कोण, काही नाही. सॉफ्टवेअरचा उल्लेख लेखाइतक्याच रीतसर व्हावा, ही तत्त्वे २०१६ साली ‘फोर्स११’च्या गटाने मांडली. ती पाळली जावीत असे मला मनापासून वाटते, कारण उल्लेखच नसेल तर सूचिकाराने नोंद कशाची करायची?

अल्गोरिदमांचे क्रमांक दरम्यान हजारावर गेले. १००० क्रमांक मिळाला तो टिम डेव्हिस यांच्या ‘स्वीटस्पार्स: ग्राफब्लास’ला, २०१९ साली. २०२३ साली त्यांचीच समांतर चालणारी नवी आवृत्ती १०३७ क्रमांकाने आली. आज १००० क्रमांकाची नोंद उघडणाऱ्याला १०३७चा पत्ता तिथल्या तिथे मिळायला हवा, आणि तो तिथे लिहायला माणूस हवा.