गळकं घर, घासाघीस आणि ऑडिट

शीव कोळीवाड्यात जुन्या सोसायटीतला फ्लॅट घ्यायचा, तर टाइल्स बघण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. ३० वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार ही तपासणी सक्तीची आहे. अहवालात इमारतीला श्रेणी दिलेली असते: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहून दुरुस्ती, सी-३ किरकोळ. सी-१ असेल तर तुम्ही घर नव्हे, पुनर्विकासाची आशा विकत घेताय. इथल्याच पंजाबी कॉलनीतल्या, फाळणीच्या निर्वासितांसाठी बांधलेल्या इमारती धोकादायक ठरून पाडल्या गेल्या.

घासाघिशीला खरा वाव सी-२बीत. गच्चीची गळती, खांब, बीम ही सोसायटीची जबाबदारी; पण पैसे शेवटी सभासदांच्याच खिशातून जातात. म्हणून सर्वसाधारण सभेचा ठराव आणि कंत्राटदाराचं कोटेशन पाहा, आणि फ्लॅटच्या वाट्याला येणारी रक्कम किमतीतून वजा करायला सांगा. विकणारा ‘रंग मारून देतो’ म्हणेल. ऐकू नका, रंगाखाली ओल झाकली जाते. आधीच आकारलेली वर्गणी कोण भरणार, तेही करारात लिहून घ्या.

किंमत कितीही उतरली तरी मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडी रेकनरचं मूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावरच बसतं.