वाट पाहायची, पण सांगायची नाही

सिनेमाची वाट पाहणं हा आमच्याकडे चारचौघांत करायचा उद्योग आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये ‘सैराट’ आला, त्याच्या आधीच त्याची गाणी जालना जिल्ह्यातल्या ट्रॅक्टरांवर, रसवंत्यांवर आणि लग्नाच्या वरातींत पोचली होती. कोण कधी जाणार, कुणाच्या गाडीवर जाणार, तिकिटं कुणी काढायची, सगळं पारावर ठरत होतं. त्या ‘सैराट’चे नागराज मंजुळे ज्याच्या कार्यकारी निर्मात्यांत आहेत, त्या ‘साबर बोंडं’ची वाटही २०२५च्या जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत पाहिली गेली. ती पाहणाऱ्यांनी कानात इअरफोन घालून आणि मोबाइलची काच स्वतःकडे वळवून पाहिली. ट्रेलर कुणाला पाठवला नाही, स्टेटसला ठेवला नाही. दोन पुरुषांच्या प्रेमाचा मराठी सिनेमा येतोय म्हणून आपण खूश आहोत, हे अंबड-परतूरकडच्या पोराने उघड बोलायचं म्हणजे सिनेमापेक्षा स्वतःबद्दलच जास्त बोलल्यासारखं होतं.

बातमी तशी मोठी होती. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात निवडला गेलेला हा पहिला मराठी चित्रपट, आणि ३१ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या जागतिक कथापट विभागाचं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. अभिनंदनाचा पूर आला. मराठीचा झेंडा, अटकेपार वगैरे नेहमीचं सामानही बाहेर निघालं. माझ्यापर्यंत आलेल्या बहुतेक संदेशांत मात्र सिनेमा कशावर आहे हे नव्हतं. होतं तिथे ‘वेगळा विषय’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेलं. ‘वेगळा विषय’ ही आपल्याकडची मोठी सोयीची मूठ आहे. झाकलेली राहते तोवर सगळ्यांना कौतुक करता येतं.

कथा साधी आहे. मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारा तिशीतला आनंद वडील वारले म्हणून आईबरोबर गावी येतो. दहावं होईपर्यंत गावात राहायचं आहे. सुतकाचे नियम आहेत, माणसांचा राबता आहे, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न आहे : लग्नाचं काय? बाहेर सांगायला एक कारण घरच्यांनी केव्हाच तयार ठेवलेलं आहे. त्या गर्दीत त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. शेती आणि जनावरांत राबणारा, बिनलग्नाचा, घरच्यांचा तोच तगादा सोसणारा. दोघांत जे फुलतं ते शेळ्यांमागे हिंडताना, झाडाखाली पडल्यापडल्या, फारसं न बोलता. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांनी या भूमिका केल्या आहेत आणि जयश्री जगताप यांनी आईची. पार्श्वसंगीत अजिबात नाही. माशा, वारा, भांडी आणि माणसांचं कुजबुजणं एवढाच आवाज. शेवट सांगत नाही. त्यात कुणी मरत नाही, एवढं सांगायला हरकत नाही, आणि मराठीत ती लहान बातमी नाही. साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची फळं; त्या फळाच्या काट्यांचं आणि आतल्या गोडव्याचं रूपक इतकं हाताशी आहे, की मी त्याला हात लावत नाही.

कानवडे मुंबईतल्या एका खोलीच्या घरात वाढले. वडील ड्रायव्हर. २०१६मध्ये ते गेल्यावर संगमनेरकडच्या गावी सुतकाचे दिवस काढताना नातेवाइकांनी लग्नावरून जो छळ मांडला, त्यातून हा सिनेमा सुचला, असं त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. शिक्षण इंटिरिअर डिझाइनचं. सिनेमाच्या शाळेत ते गेले नाहीत. गावाची वाटही त्यांना अचानक सापडलेली नाही. २०१९मधल्या त्यांच्या ‘उ उषाचा’ या लघुपटात अक्षरओळख नसलेली एक शेतमजूर बाई शाळेतल्या बाईंकडे ओढली जाते. तेव्हापासून हा माणूस एकच गोष्ट धरून बसला आहे : असं प्रेम शहरातल्या फ्लॅटमध्येच जन्माला येतं, हे खोटं आहे.

याचं मोल कळायला मराठीत आधी काय होतं ते पाहावं लागेल.

सुरुवात लोकांना वाटते त्यापेक्षा फार जुनी आहे. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचक नाव झाकून प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. त्यात समलिंगी आकर्षणावरचे प्रश्नही असत. असल्या उत्तरांवरून १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. वाचक लैंगिक प्रश्न विचारत असतील तर मासिकाने उत्तर द्यायचं नाही का, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला ते हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. हा सगळा प्रकार आपली संस्कृती बुडवायला परदेशातून आला आहे असं म्हणणाऱ्यांना जयंतीच्या मिरवणुकीत कुणी तरी हे सांगायला पाहिजे.

पुढे बराच काळ शांतता. १९८१मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं. दिग्दर्शन विनय आपट्यांचं, मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. स्वातंत्र्याआधीच्या काळातली कॉलेजातली मुलगी, मुलीवर प्रेम करणारी, आणि शेवटी जीव देणारी. तेंडुलकरांच्या धैर्याबद्दल शंका नाही, पण मित्रा आपल्याला दिसते ती तिच्यावर जीव असलेल्या बापूच्या नजरेतून. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं आलं, तेही व्यवस्थापनापुढचा एक प्रश्न म्हणून. अमोल पालेकरांच्या ‘थांग’मध्ये (२००६) नवऱ्याचं पुरुषाशी असलेलं नातं उघड होतं आणि कॅमेरा बायकोच्या कोसळण्यावर राहतो. चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाचं सत्य कळलेली आई बोलते. रवी जाधवांनी ‘मित्राची गोष्ट’वरून केलेला ‘मित्रा’ हा लघुपट देखणा आहे, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, पण गोष्ट तीच, चौतीसएक वर्षांपूर्वीची.

यातलं प्रत्येक काम आपल्या जागी मोलाचं आहे, आणि तरीही सगळ्यांत एक खोड आहे. प्रेम करणारं माणूस स्वतः बोलत नाही. त्याच्याबद्दल बोललं जातं. मित्र, बायको, आई, आश्रमाची अधीक्षक. जो तो त्याला समजून घ्यायला धडपडतो, म्हणजेच प्रेक्षकांत तो बसलेला नाही हे लेखकाने धरून चाललेलं असतं. ही चौकट मोडली ती पुस्तकांनी. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात २००२मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि ‘पार्टनर’सारखी पुस्तकं घरच्या मराठीत लिहिली. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) तनय पहिल्या पानापासून ‘मी’ म्हणून बोलतो. त्यावरचा कुंडलकरांचाच सिनेमा २०२२मध्ये नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा कथा पुण्यातून केरळात गेली होती आणि भाषा हिंदी-इंग्रजी झाली होती. आवडला मला तो; पण मराठीतल्या मुलाला मराठीतून हाकलल्याची चुटपुट राहिली.

त्याहून मोठी चुटपुट सिरस सरांची. श्रीनिवास रामचंद्र सिरस, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक आणि कवी. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार होता. फेब्रुवारी २०१०मध्ये त्यांच्या घरात घुसून चित्रण केलं गेलं, त्यांना निलंबित करण्यात आलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवडाभरातच ते घरात मृतावस्थेत सापडले. हंसल मेहतांनी त्यांच्यावर ‘अलीगढ’ केला, मनोज वाजपेयींनी सर उभे केले. शेकडो किलोमीटरवर परक्या गावात मराठी शिकवत आयुष्य काढलेल्या माणसावरचा हा सिनेमा हिंदीत झाला. आमचे साहित्यिक, आमच्या परिषदा, आमचे निर्माते तेव्हा काय करत होते, हा प्रश्न अजून कुणी मांडवात उभं राहून विचारलेला नाही.

मराठी पडदा या बाबतीत सोवळा होता असंही नाही. ‘अशी ही बनवाबनवी’तली लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती आम्हाला तोंडपाठ आहे. ‘नटरंग’मधला गुणा, ‘जोगवा’मधला तायप्पा यांच्यासाठी आम्ही डोळे पुसले. लुगडं नेसलेला पुरुष विनोदी असेल, कलेसाठी झिजलेला असेल किंवा देवीला वाहिलेला असेल, तर चालतो. शर्ट-पँट घालून वैरण टाकणारा, दूध काढणारा आणि एका पुरुषावर जीव लावणारा बाळ्या चालायला मात्र २०२५ उजाडलं. कारण तो ओळखू येत नाही. तो कुणीही असू शकतो, आपल्या भावकीतलाही.

इथेच जालना जिल्हा या गोष्टीत येतो. मराठवाड्यात आज प्रत्येक गावात तिशी ओलांडलेल्या बिनलग्नाच्या पोरांची फौज आहे. जमीन तुकड्यांची, पाऊस लहरी, मोसंबीच्या बागा दुष्काळात जळालेल्या, आणि मुलीच्या बापाला नोकरीवालाच जावई हवा. शेजारच्या सोलापुरात २०२२च्या डिसेंबरमध्ये बाशिंग बांधलेल्या तरुणांनी बायको मिळावी म्हणून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला होता. लोक हसले, पण मोर्चा खोटा नव्हता. या गर्दीत ज्याला मुलगी नकोच आहे तो सहज लपून जातो. स्थळं येत नाहीत म्हणून राहिला, असं गाव समजतं आणि तोही समजू देतो. दुष्काळाने त्याला दिलेला हा एकुलता एक आडोसा. पण दहाव्याला, तेराव्याला, साखरपुड्याला पाव्हणे जमले की तो आडोसा गळतो. मामा बाजूला घेतो, आत्या फोटो काढते. सुतकातल्या घरात लग्नाची बोलणी करू नयेत हा नियम या एका कामापुरता सैल होतो. कानवडे यांनी नेमका तो दहा दिवसांचा अवकाश पकडला आहे. गाव संगमनेरकडचं असलं तरी मधला एक जिल्हा ओलांडला की तीच ओसरी, तेच पाहुणे. बोलीत फरक आहे, प्रश्नात नाही.

कायद्याचं एका दमात सांगतो. २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची धार बोथट केली, ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत लावली, ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी संमतीने ठेवलेले संबंध गुन्ह्यातून कायमचे बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे प्रेम गुन्हा नाही, संसाराची नोंद नाही. घनसावंगीच्या पोराला यातलं पहिलं वाक्यही अनेकदा कुणी सांगितलेलं नसतं.

दोन बायकांच्या प्रेमाच्या ‘फायर’ या सिनेमावरून १९९८च्या डिसेंबरमध्ये मुंबईत थिएटरं फोडली गेली होती. ‘साबर बोंडं’ १९ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला. वितरणाला राणा दग्गुबातींची स्पिरिट मीडिया, पाठीशी मंजुळे, सई ताम्हणकर, निखिल अडवाणी, विक्रमादित्य मोटवाने. ही प्रगती खरी आहे आणि ती नाकारणं करंटेपणा ठरेल. पण छोट्या मराठी चित्रपटाचं जे होतं ते विषय कोणताही असो, होतंच : मुंबई-पुण्याच्या मल्टिप्लेक्सात अडनिड्या वेळेचे खेळ आणि पहिल्या सोमवारी कात्री. जिल्ह्याच्या गावांतला प्रेक्षक मोजणीतच नसतो. त्यात हा सिनेमा बघायला जायचं तर ओळखीचं कुणी दिसेल ही धास्ती, म्हणजे गावात लागला तरी अर्धे लोक साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जाऊन बघतील. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. वाट पाहणाऱ्याला आपल्या वेळेचा आणि आपल्या अंधाराचा हक्क असतो.

ओटीटीवर येईल तेव्हा बघू, असं अनेक जण म्हणत होते. जरूर बघावा. पण एकट्याने मोबाइलवर पाहिलेला सिनेमा पुन्हा गुपितच राहतो, आणि या सिनेमाची आई एकट्याने बघायची नाही. ती सगळं जाणून आहे, मुलाच्या बाजूची आहे, आणि चारचौघांपुढे त्याला सांभाळून घेते. मराठी पडद्यावर इतकी शहाणी, इतकी सामान्य आई फार दिवसांनी दिसली. तिला गावातल्या आयांनी बघायला हवं, पोरांच्या आधी.

संभाजीनगरला दर वर्षी अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो. मुंबईत २०१०पासून ‘कशिश’ भरतोय. जालन्यात आणि तालुक्यांच्या गावांत महाविद्यालयांची सभागृहं आहेत, वाचनालयं आहेत, फुले-शाहू-आंबेडकरांच्या नावाने चालणारी व्याख्यानमंडळं आहेत. त्यांतल्या एकाने तरी निर्मात्यांना रीतसर विचारून ‘साबर बोंडं’चा एक खेळ लावावा. भाषणं नकोत, परिसंवाद नको, दीपप्रज्वलनही नको. वेळ संध्याकाळची ठेवावी, मागच्या दाराने यायची सोय असावी, आणि प्रवेश करताना कुणाचं नाव लिहून घेऊ नये.